बर्फाच्या बांधाने गळणारं छप्पर: हीट केबल की पोटमाळ्याचं सीलिंग?

अमेरिकेत ईरी सरोवराकाठी, बफेलो शहराच्या बाजूला, छप्पर गळलं की आधी शिंगल्सवर, म्हणजे छपरावरच्या डांबरी पट्ट्यांवर, संशय जातो. पण पाणी फक्त बर्फाच्या दिवसांत आणि बाहेरच्या भिंतीलगतच उतरत असेल, तर दोष बहुधा बर्फाच्या बांधाचा. घरातली ऊब पोटमाळ्यात चढते, छपरावरचा बर्फ वितळतो, थंड कडेला पाणी पुन्हा गोठतं आणि मागे तुंबलेलं शिंगल्सखालून आत शिरतं.

हीट केबल, म्हणजे विजेवर तापणारी तार, लवकर बसते. कडेवर नागमोडी, बाहेरच्या भिंतीच्या रेषेपेक्षा फूटभर वरपर्यंत लावायची. तीच पन्हळीतून आणि उतरत्या पाइपातून तळापर्यंत न्यायची, नाहीतर वितळलेलं पाणी पाइपातच गोठतं. फुटाला ५ वॉटची १०० फूट केबल ५०० वॉट खाते. जीएफसीआय, म्हणजे गळती होताच वीज तोडणारं सुरक्षा-उपकरण, हवंच. एवढं करून बांध टळत नाही, पाण्याला फक्त वाट मिळते.

सीलिंग, म्हणजे पोटमाळ्यात ऊब शिरते त्या फटी बुजवणं, हे अडचणीत रांगत करायचं काम. इन्सुलेशन सारून वायर-पाइपांची भोकं फोमने बुजवा. चिमणीभोवती मात्र फोम नको, पत्रा आणि उष्णतारोधक सीलंटच. सॉफिटची (छपराच्या कडेखालच्या हवेच्या झरोक्यांची) वाट मोकळी राहावी म्हणून बॅफल (हवेची वाट राखणाऱ्या पट्ट्या) ठोका, मगच १४ इंच सेल्युलोज (कागदी तंतूंचं इन्सुलेशन), म्हणजे उष्णता अडवण्याच्या मापात साधारण आर-४९. भोकं तशीच ठेवून नुसतं सेल्युलोज ओतलं तर उबदार हवा त्यातूनही वर जाते. बाथरूमचा पंखा माळ्यात सोडलेला असेल तर त्याची नळी छपराबाहेर काढा.

माझा कौल सीलिंगलाच. केबल लावायची ती दोन उतार मिळतात त्या खोबणीत, किंवा आतून हात पोचत नाही तिथे.