आयपॅडचं पासवर्ड्स अ‍ॅप: घरात एकच टॅब असेल तर

साइट्सचे पासवर्ड साठवून ठेवणारं हे अ‍ॅपलचं अ‍ॅप. शोधायला सोपं, आवरायला त्याहून सोपं. पण एकाच आयपॅडवर सगळं घर हात मारत असेल तर जरा जपून. बरेच महिने रोज वापरल्यावर माझं मत हे असं झालंय.

सप्टेंबर २०२४ मध्ये आयपॅडओएस १८ (आयपॅडची मूळ प्रणाली) आलं, तेव्हापासून हे वेगळं अ‍ॅप आहे. त्याआधी हा सगळा ऐवज सेटिंग्जच्या पोटात असायचा. आता आयकॉन दाबा, बोट लावा, की डावीकडे ऑल, पासकीज (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने लॉगिन करायची सोय), कोड्स (लॉगिनसाठी लागणारे, सतत बदलणारे आकडे), वाय-फाय, सिक्युरिटी, डिलिटेड असे कप्पे दिसतात. नोंदी मात्र साइटच्या इंग्रजी पत्त्याने पडतात आणि सरकारी साइटचे पत्ते कुणाच्या लक्षात राहतात? म्हणून मी एका दुपारी बसून नावंच बदलली: 'लाईट बिल', 'बाबा पेन्शन', 'सोसायटी मेंटेनन्स'. प्रत्येक नोंदीखाली नोट्सची जागा असते. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक मी तिथे टाकून ठेवलाय. बिलाचा कागद शोधत ड्रॉवर उपसणं त्या दिवसापासून बंद.

सिक्युरिटीच्या कप्प्यात कच्चे, चार ठिकाणी तेच वापरलेले आणि कुठल्या तरी डेटा चोरीत बाहेर पडलेले पासवर्ड समोर येतात. यादी बघून घाबरायचं कारण नाही. ज्या साइटवर पैसा किंवा आधार जोडलेलं आहे तेवढ्या आधी बदलायच्या, कुठल्या तरी जुन्या कूपनवाल्या साइटचं नंतर बघता येतं. चुकून काही उडवलं तरी ३० दिवस ते डिलिटेडमध्ये पडून असतं.

खरी कटकट आपल्याकडच्या साइट्सची. अ‍ॅप सुचवतं तो पासवर्ड २० अक्षरांचा, मध्ये दोन हायफन. एका बँकेच्या साइटने तो निमूटपणे घेतला आणि शेवटची पाच अक्षरं गाळून टाकली. अ‍ॅपमध्ये पूर्ण पासवर्ड, बँकेकडे कापलेला, आणि लॉगिन काही केल्या होईना. तेव्हापासून मर्यादा असलेल्या साइटवर मी पासवर्ड स्वतः रचते आणि नोंद हाताने दुरुस्त करते. शिवाय काही बँकांच्या साइट्स पेस्ट करूच देत नाहीत. मग अर्ध्या स्क्रीनवर अ‍ॅप, अर्ध्यावर बँक, आणि एकेक अक्षर बघून टायपायचं. एवढं होऊन ओटीपी येतो फोनवरच, त्यामुळे कोड्सचा कप्पा माझ्या बँकांसाठी बिनकामाचा. ईमेलच्या खात्याला मात्र तो छान चालतो.

पासवर्ड अ‍ॅपमध्ये सापडत नाही म्हणून कुणी विचारलं की मी आधी विचारते, क्रोम वापरता का? क्रोममध्ये 'सेव्ह' दाबलेलं गूगलच्या खात्यात जातं, ते या अ‍ॅपमध्ये दिसत नाही. सेटिंग्जमध्ये जनरलच्या आत 'ऑटोफिल अँड पासवर्ड्स' आहे. तिथे हे अ‍ॅप आणि क्रोम दोन्ही चालू असतील तर कुठला पासवर्ड कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. एक ठरवा, दुसरं बंद करा.

आता जपून का म्हणाले ते. आयपॅडवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करता येत नाही. अ‍ॅपला बोटाचा ठसा लागतो खरा, पण ठसा जमला नाही तर टॅबचाच पासकोड चालतो. मुलांना गेम खेळायला म्हणून तो पासकोड सांगितलात, तर पेन्शनच्या खात्याचा पासवर्डही सांगितल्यासारखाच आहे. ठसे पाच ठेवता येतात, आणि त्यातला कुठलाही हे कुलूप उघडतो. म्हणून आमच्याकडे टॅबमध्ये ठसा फक्त माझा. मुलांच्या हातात देताना गाईडेड अ‍ॅक्सेस लावते: बटण तीनदा दाबलं की त्या एका अ‍ॅपच्या बाहेर जाता येत नाही. त्याचा पासकोड अर्थात वेगळा.

वाय-फायचा कप्पा हा अनपेक्षित फायदा. पाहुणे आले की क्यूआर कोड उघडून समोर धरायचा, कॅमेरा लावला की जोडणी झाली.

निवडक पासवर्ड घरच्यांबरोबर वाटून घ्यायची सोयही आहे, पण त्यासाठी समोरच्याकडे अ‍ॅपलचंच उपकरण हवं. आमच्या घरात बाकी सगळे अँड्रॉइडवाले. त्यामुळे सासऱ्यांचे पासवर्ड बदलले की मी त्यांच्या डायरीतही लिहून देते, आणि ती डायरी कपाटाच्या लॉकरमध्ये जाते.