भोसरीतल्या टेस्टिंग लॅबचा अनुभव, सिरॅमिक कॉम्पोझिटसाठी (४ स्टार)

फायबर पुश-आऊट टेस्ट (पातळ चकतीतला एकेक फायबर ढकलून त्याची पकड मोजायची) पुण्यात कोण करून देतं हे विचारत मी दोन महिने फिरत होतो, बहुतेक ठिकाणी ‘टेन्साईल (म्हणजे ओढून बघायची टेस्ट) करून देतो की’ एवढंच उत्तर. शेवटी एका सिनियरने भोसरी एमआयडीसीतल्या या लॅबचा नंबर दिला. नाशिक फाट्यावरून सरळ रिक्षा करा, आतल्या गल्ल्या पहिल्यांदा सापडत नाहीत.

माझं सॅम्पल म्हणजे सिलिकॉन कार्बाईडचे फायबर, मॅट्रिक्स म्हणजे फायबरभोवतीचं मटेरियलपण त्याचंच, आणि दोघांच्या मधे पायरोकार्बनचा, म्हणजे एका प्रकारच्या कार्बनचा, अगदी पातळ थर. २०११ ला फुकुशिमात झिर्कोनियमच्या नळ्यांची वाफेशी रिअॅक्शन होऊन हायड्रोजन तयार झाला तेव्हापासून अणुइंधनाच्या नळ्यांसाठी या मटेरियलकडे जास्तच लक्ष गेलंय. रेडिएशननंतर तो मधला थर फायबरला किती धरून ठेवतो हे मला बघायचं होतं. पकड जितकी घट्ट तितकं चांगलं असं इथे नसतं, फार घट्ट झाली तर तडा फायबरमधून आरपार जातो आणि तुकडा काचेसारखा फुटतो, फार ढिली झाली तर फायबरवर लोडच येत नाही, बेताची असली की तडा त्या थरात वळतो आणि तुकडा टिकून राहतो.

तिथल्या मॅडमनी सॅम्पल हातात घ्यायच्या आधीच विचारलं, फायबर कुठल्या पिढीचा? तिथेच मला बरं वाटलं. कारण जुन्या निकॅलॉन फायबरमध्ये ऑक्सिजन आणि जास्तीचा कार्बन असायचा, न्यूट्रॉनखाली तो फायबर आकसायचा आणि मॅट्रिक्स फुगायचं, मग दोघांत फट पडून ताकद जायची. हाय-निकॅलॉन टाईप एस किंवा टिरानो एसए३ हे नवे फायबर जवळपास शुद्ध आणि स्फटिकी असतात म्हणून मॅट्रिक्सच्या बरोबरीने फुगतात, ३०० अंशाच्या आसपास जवळपास २ टक्के, आणि साधारण १ डीपीएला म्हणजे प्रत्येक अणू सरासरी एकदा जागचा हलला की ते फुगणं थांबतं. कार्बनचा थर मात्र तिथे थांबत नाही, तो आधी आकसतो आणि डोस वाढत गेला की फुगायला लागतो, त्यामुळे खरी काळजी त्याचीच.

दुसरा प्रश्न तर माझं काम वाचवून गेला. माझे तुकडे रेडिएशनसाठी न्यूट्रॉनऐवजी आयन बीमखाली, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या झोताखाली, ठेवून आणलेले. मॅडम म्हणाल्या, ‘अरे, तुझे आयन आत गेलेत दोन-तीन मायक्रॉन आणि तू चकती करायला सांगतोयस साठ मायक्रॉनची, मग फायबर ढकलताना बहुतेक जोर न बिघडलेल्या भागाचाच मोजला जाईल ना?’ हे मला आधीच सुचायला हवं होतं. मग आयनवाल्या तुकड्यांवर वरच्या थरातले छोटे पिलर, म्हणजे सूक्ष्म खांब, कापून टेस्ट करायचं ठरलं आणि पुश-आऊट फक्त रेडिएशन न दिलेल्या तुकड्यांवर केली. न्यूट्रॉनमधून आलेले सॅम्पल ते घेत नाहीत, ते किरणोत्सारी असतात, त्याला हॉट सेल म्हणजे किरणोत्सार अडवणारी जाड भिंतींची बंद खोली लागते, तेव्हा तसले घेऊन जाऊच नका. माझ्याकडूनही अॅक्टिव्हिटी (किरणोत्सार) नसल्याचं पत्र आधी मागून घेतलं.

पॉलिशिंग करणारे काका म्हणजे कमाल माणूस. एक चकती तुटली, तर स्वतः फोन करून सांगितलं आणि दुसरी फुकट करून दिली.

एक स्टार कापला तो रिपोर्टसाठी. दहा दिवस सांगून तीन आठवडे लावले आणि वीस फायबरची नुसती सरासरी पाठवली. फायबर सुटायला लागतो तेव्हाचा लोड आणि सुटल्यावर घासत सरकतानाचा लोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रेडिएशनने एक बदलून दुसरा तसाच राहू शकतो, सरासरीत ते काहीच दिसत नाही. मागितल्यावर प्रत्येक फायबरचे कर्व्ह दिले, पण ऑर्डर देतानाच लिहून घ्या. पुढच्या महिन्यात पिलरची दुसरी बॅच मी इथेच देतोय.