झेडएक्स म्हणून गळ्यात मारलेली जीएक्स: जुनी इनोव्हा क्रिस्टा घेणाऱ्यांनो, आधी हे तपासा

जुन्या गाड्यांच्या यार्डात उभी असलेली २०१९ ची इनोव्हा क्रिस्टा. काळ्या लेदरच्या सीट, सतरा इंची अलॉय, मोठी स्क्रीन, बटणावर सुरू होणारे इंजिन, मागच्या दारावर झेडएक्स या सर्वात महाग व्हेरिएंटचा बॅज. एका कुटुंबाने ती झेडएक्सच्या भावाने घेतली. पहिल्याच सर्व्हिसला अधिकृत सर्व्हिस सेंटरने चासी नंबर टाकून पाहिला, तर गाडी जीएक्स या स्वस्त व्हेरिएंटची निघाली, आणि तीही आधी टॅक्सी परवान्यावर धावलेली. सात एअरबॅग सांगितल्या होत्या, निघाल्या तीन.

ही फसवणूक सोपी आहे, कारण २.४ डिझेल मॅन्युअलमध्ये जीएक्स आणि झेडएक्सचे इंजिन एकच, गिअरबॉक्स एकच, पत्राही एकच. नवीन घेताना दोघींच्या किमतीत काही लाखांचा फरक पडतो, आणि बाहेरून साज चढवायला त्याच्या तुलनेत फार थोडा खर्च येतो. यार्डवाल्याचा नफा या फरकातच आहे.

साज कशाकशाचा असतो ते बघा. जीएक्सचे टायर २०५/६५ आर १६, झेडएक्सचे २१५/५५ आर १७. बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच (सुमारे ६७३ आणि ६६८ मिलिमीटर), म्हणून चाके सहज बसतात आणि स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. तेव्हा चाकांवरून काहीच सिद्ध होत नाही. स्क्रीन, बॅज आणि क्रोमचेही तेच. क्रूझ कंट्रोलची दांडीसुद्धा नंतर बसवता येते. पुश स्टार्ट बाहेरून बसवला असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्याजवळ किल्लीचे भोक राहते आणि त्यावर झाकण लावलेले सापडते. अशा किटसाठी इग्निशनच्या वायरी कापून जोडतात, त्यामुळे गाडी मध्येच बंद पडणे किंवा वायरिंग तापणे ही दुखणी पुढे मागे लागतात.

खोटे करायला अवघड आहेत त्या एअरबॅग. जीएक्स आणि मधल्या व्हीएक्स व्हेरिएंटमध्ये तीन असतात: समोर दोन आणि चालकाच्या गुडघ्याजवळ एक. झेडएक्समध्ये यांशिवाय पुढच्या दोन सीटच्या कुशीत आणि छताच्या दोन्ही कडांना पडद्यासारख्या, अशा चार जास्त. गुडघ्याजवळची खूण दाखवून ‘ही बघा सगळी एअरबॅग’ म्हणणारे भेटतात, पण ती तर जीएक्समध्येही असते. तुम्ही पिलरच्या (छत पेलणाऱ्या खांबांच्या) वरच्या प्लॅस्टिकवर कोरलेले ‘एसआरएस एअरबॅग’ शोधा आणि पुढच्या सीटच्या पाठीची दाराकडची बाजू चाचपून तिथला टॅग पाहा. सीटवर कव्हर असेल तर ते काढायलाच सांगा. पाठीच्या खालच्या बाजूला चेन, वेल्क्रो किंवा इलॅस्टिक लागले, तर ते लेदर कंपनीचे नाही. गाडी खरोखर झेडएक्स असली तरी साधे कव्हर कुशीतली एअरबॅग अडवू शकते, हे अनेकांना ठाऊकच नसते.

मग इंजिन सुरू न करता इग्निशन लावा. एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि सहाएक सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर दिवा काढलेला असू शकतो. दुसऱ्या दिव्याबरोबरच विझत असेल, तर त्याची वायर तिकडे जोडलेली असू शकते. अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या जागी नुसता रेझिस्टर लावून दिवा नीट चालू ठेवता येतो आणि मग स्कॅनरही दोष दाखवत नाही. म्हणून जुन्या विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विचारा. त्याच मालकाकडे चार-पाच वर्षे असलेल्या गाडीवर तो शून्य असेल, तर आदल्या वर्षी दावा झालेला असू शकतो.

कागदांत आरसीवरचे मॉडेलचे नाव अक्षर न अक्षर वाचा आणि सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर ताडून पाहा. आसनसंख्या आठ लिहिलेली असेल, तर गाडी झेडएक्स नाहीच, कारण झेडएक्स सातच सीटची येते. मधल्या रांगेचा बाक काढून दोन सुट्या कॅप्टन सीट टाकल्या असतील, तर आरटीओच्या नोंदीशिवाय तो बदल चालत नाही आणि विम्याचा दावा अडू शकतो. वाहनाचा प्रकार कधी टॅक्सी (मोटर कॅब) होता का आणि परवाना परत केल्याचा कागद आहे का, हे विचारा. चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला स्वतः जा. तिथे व्हेरिएंट कळतो आणि किलोमीटरची नोंदही. मीटरवर साठ हजार आणि तीन वर्षांपूर्वीच्या नोंदीत सव्वा लाख असेल, तर पुढचे काही बघायची गरज उरत नाही.

टोकन देण्याआधी पावतीवर चासी नंबर, ‘२.४ झेडएक्स’ आणि ‘एअरबॅग ७’ लिहून यार्डाचा शिक्का घ्या. हे लिहायला टाळाटाळ झाली की उठा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, तेही मागा. फसलाच असाल तर हीच पावती घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. पावतीवर नुसते ‘इनोव्हा’ लिहिले असेल, तर ती झेडएक्स म्हणून विकली हे सिद्ध करणे फार अवघड जाते. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि एजंटचे मेसेज पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.