नव्या मॅटखाली कुजकी फळी

जुना घोड्यांचा ट्रेलर कारागिराला दिला होता. पुढे झोपायची खोली, मागे दोन घोडे, असं ठरलं होतं. बिलात 'नवीन जमीन' लिहिलेलं. हातात आला तो चकचकीत ट्रेलर: पलंग, सिंक, मंद दिवे, खाली काळी कुळकुळीत रबरी मॅट. तिसऱ्या प्रवासात मागची फळी घोड्याच्या पायाखाली लचकली. मॅट उचलली तर खाली जुन्याच फळ्या, वरून रंग मारलेल्या.

ही फसवणूक जुनीच आहे. मॅटच्या सांध्यांतून मूत खाली झिरपतं, वाळायला वाव मिळत नाही आणि लाकूड खालच्या अंगाने कुजतं. म्हणून पाहणी वरून करायचीच नाही. ट्रेलरखाली शिरा, प्रत्येक फळीच्या टोकाशी, खालच्या आडव्या लोखंडी तुळईवर, म्हणजे चॅनेलवर, टेकते तिथे, पेचकस दाबा. चांगल्या लाकडावर नुसता ओरखडा उठतो. कुजक्यात टोक लोण्यात गेल्यासारखं जातं. जमीन ॲल्युमिनियमची असेल तर पांढरी पूड आणि खड्डे शोधा. चॅनेलवर ताजा काळा थर फासलेला दिसला तर हातोडीने ठोका. खणखणीत लोखंड वाजतं, गंजाने खाल्लेलं बद्द बोलतं.

आता बॅटरी. लेबलवर १०० अँपिअर-तास, १२ व्होल्ट, लिथियम आयर्न फॉस्फेट. उचलली तर जेमतेम पाच किलो! या क्षमतेची खरी बॅटरी साधारण १० ते १३ किलो भरते. पूर्ण चार्ज करून ५ अँपिअरचा भार लावला की तिने २० तासांच्या आसपास चालायला हवं. ही सात तासांत बसली. वायरही तशीच: पात्याने खरवडल्यावर तांब्याच्या मुलाम्याखाली चंदेरी ॲल्युमिनियम. अशी वायर तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा लवकर तापते. त्यात बॅटरीलगत फ्यूज नाही, म्हणजे कुठे वायर घासून शॉर्ट झाली की थेट आग.

छतावरच्या झरोक्याभोवती साधं सिलिकॉन. कडेखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, आणि वरून छताचं सीलंट हवं होतं. सिलिकॉनवर नंतर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं.

सगळ्यात महाग पडतं वजन, आणि त्याबद्दल कारागीर अवाक्षर काढत नाही. समजा ट्रेलरची कमाल मर्यादा २७०० किलो, रिकामा १४००, दोन घोडे ११००. उरले २००. शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो. आठ बाय चारची, १८ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची शीट साधारण ३० किलोची. अशा तीन वापरल्या की हिशोब जवळजवळ संपला. गाद्या, बॅटरी, चारा, खोगीर यांना जागा कुठे? त्यातच सगळं सामान नाकाडात, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकात, रचलेलं, त्यामुळे जोडणीच्या हुकावरचा भार वाढून ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू बसते.

टायर नवे सांगितले होते. बाजूवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३१६ निघाले, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा.

काम देताना अट घालावी: भिंती बंद करण्याआधी जमीन, वायरिंग, गॅसची नळी यांचे फोटो, आणि शेवटचा हप्ता वजनकाट्याची पावती पाहिल्यावरच, तीही पाण्याची टाकी भरून केलेल्या वजनाची.