फ्लास्क का जँगो? आडत दुकानाचं सॉफ्टवेअर करणाऱ्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढं वाचायला नको. आडत दुकान, क्लासेसची फी, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, डॉक्टरची ओपीडी, म्हणजे आपल्याकडं "एक छोटंसं सॉफ्टवेअर करून द्या की" म्हणून जे जे येतंय त्या सगळ्याला जँगो घ्या. फ्लास्क पण लई भारी चीज आहे, माझ्याकडं रोज चालू असतंय, पण त्याची जागा वेगळी, ती खाली येईलच. दोन्ही पायथन भाषेतले वेब फ्रेमवर्क, म्हणजे ब्राउझरवर चालणारं सॉफ्टवेअर बांधायचा तयार सांगाडा, दोन्ही फुकट, दोन्हीला बीएसडी लायसन (फुकट वापरा, बदला), त्यामुळं पैशाचा काही विषय नाही. विषय एवढाच की जे काम करायचंच आहे ते फ्रेमवर्कनं करायचं का आपण.

हे लिहायचं कारण म्हणजे लातूर-नांदेडकडं कोर्स करून बाहेर पडलेली पोरं भेटली की हमखास एकच विचारतात, दादा फ्लास्क हलकं असतंय ना, मग जँगोचं ओझं कशाला घ्यायचं. बरं, हलकं म्हणजे काय? फ्लास्क इन्स्टॉल केलं की सोबत वर्कझॉइग (ब्राउझरशी देवाणघेवाण सांभाळणारं) येतंय, जिंजा (पानाचा साचा भरणारं) येतंय, अजून दोनचार बारक्या लायब्ऱ्या, आणि पाच-सहा ओळीत ब्राउझरवर पान दिसायला लागतंय. फ्लास्क बनवणाऱ्या आर्मिन रोनाकरनं २०१० च्या १ एप्रिलला गंमत म्हणून एकाच फाईलचं एक खोटं फ्रेमवर्क सोडलं होतं, लोकांनी ते खरं धरलं, आणि त्यातनंच पुढं फ्लास्क आलं. म्हणजे जन्मच एका फाईलचा. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, फॉर्म नाही, ॲडमिन (डेटा भरायचे तयार पडदे) नाही, आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे सरळ लिहिलंय, काही लपवलेलं नाही. एवढंच लागत असेल तर ते हलकंच आहे. पण आडत दुकानाला एवढंच कधी लागतंय का?

जँगोची गोष्ट उलटी. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या पेपरच्या ऑफिसात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन ह्या दोघांनी २००३ साली ते बनवायला घेतलं, आणि २००५ च्या जुलैत सगळ्यांसाठी खुलं केलं. पेपरचं ऑफिस म्हणजे संध्याकाळपर्यंत पान लागलंच पाहिजे, आणि मजकूर भरणारा माणूस बातमीदार, प्रोग्रामर नव्हे. म्हणून त्यात पहिल्यापासनं ॲडमिन आहे. तुम्ही मॉडेल (कुठल्या नोंदीत कुठले रकाने ते) लिहा, भरायचा, शोधायचा, दुरुस्त करायचा पडदा ते स्वतः उभा करतंय.

आता मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, या. सोयाबीनचा सीझन, दिवाळीच्या तोंडावर आवक वाढलेली, मुनीम काका एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं पट्टी करायलेत. पट्टीवर काय काय असतंय बघा: शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे किती, वजन, भाव, मग त्यातनं हमाली, तोलाई, आधीची उचल वजा, राहिलेली रक्कम. हे तीन मॉडेल लिहिले, ॲडमिनमध्ये रजिस्टर केले, लिस्टमध्ये कुठले कॉलम दाखवायचे ते एका ओळीत, नावानं आणि गावानं शोधायचं ते दुसऱ्या ओळीत, तारखेचा फिल्टर तिसऱ्या ओळीत, की काकांच्या हातात देण्याजोगं काहीतरी तयार. दुपारी काकांचा पहिला प्रश्न आला, "सर, नाव चुकलं तर कुठं दुरुस्त करायचं?" म्हणलं काका, त्या नावावरच क्लिक करा. संपला विषय. फ्लास्कमध्ये ह्याच प्रश्नाला एक रूट (पानाचा पत्ता), एक फॉर्म, एक टेम्प्लेट (पानाचा साचा), सेव्ह झाल्यावर कुठं जायचं ते, आणि हे प्रत्येक टेबलला परत परत.

दुसरा प्रश्न मालकाचा असतोय, आणि तो हळूच बाजूला घेऊन विचारला जातो: भाव कुणी बदलला ते कळंल का? जँगोत प्रत्येक नोंदीला हिस्टरीचं बटण असतंय, कुठल्या युजरनं किती वाजता कुठला रकाना बदलला ते तिथं दिसतंय. इथं एक मेख आहे, ती कुणी सांगत नाही. आधी भाव किती होता ते त्यात राहत नाही, नुसतं "भाव बदलला" एवढंच. जुना आकडा पाहिजे असेल तर सिंपल हिस्टरी नावाचं पॅकेज वेगळं बसवावं लागतंय. मालकाला कबूल करायच्या आधी हे बघून घ्या, नाहीतर सीझनमध्ये वाद तुमच्या गळ्यात. परमिशनचं मात्र झकास आहे, मुनीम भरू शकतो पण डिलीट करू शकत नाही, मालकाचा पोरगा नुसता बघू शकतो, हे सगळं टिकमार्क करून होतंय, एक ओळ कोड नाही. नुसतं बघायची परमिशन २०१८ च्या २.१ व्हर्जनपासनं आहे.

आता फ्लास्कचं दुसरं टोक. एका क्लासेसवाल्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडं सांभाळायला आलं, आधीचा करणारा पुण्याला नोकरीला निघून गेलेला. एकच ॲप डॉट पाय फाईल, स्क्रोल करता करता बोट दुखावं एवढी लांब. पासवर्ड डेटाबेसमध्ये जसेच्या तसे, वाचता येतील असे. फी भरायच्या फॉर्मला सीएसआरएफचं टोकन (फॉर्म आपल्याच पानावरनं आलाय ह्याची खूण) नाही. आणि डीबग मोड (बनवताना चुका शोधायची सोय) चालू ठेवून तेच इंटरनेटवर सोडलेलं, म्हणजे एरर आला की वर्कझॉइगचा डीबगर उघडतोय आणि ते बाहेरच्या माणसाच्या हाती लागलं तर तो तुमच्या सर्व्हरवर पाहिजे तो कोड चालवू शकतो. आता न्यायानं बोलायचं तर ह्यात फ्लास्कचा दोष नाही. पासवर्ड हॅश करायचं, म्हणजे वाचता येणार नाही असा करायचं, फंक्शन वर्कझॉइगमध्ये आहे, टोकनसाठी फ्लास्क-डब्ल्यूटीएफ हा जोडभाग आहे, डीबग चालू ठेवू नका हे पण लिहून ठेवलंय. फक्त ते सगळं तुम्हाला आठवावं लागतंय. जँगोत पासवर्ड हॅश होऊनच जातो, टोकन टाकलं नाही तर फॉर्म सबमिटच होत नाही, ४०३ (परवानगी नाही) तोंडावर मारतंय. नवीन पोराला त्याचा राग येतो, पण शेतकऱ्याच्या आणि विद्यार्थ्याच्या पैशाचा हिशोब असेल तिथं असं आडमुठं फ्रेमवर्कच बरं.

मी पोरांना असं सांगतो, फ्लास्क म्हणजे रूमवर गॅस ठेवून हातानं करून खाणं, जँगो म्हणजे महिन्याची मेस. मेसवाला वांगं करतो तर वांगं खायचं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री जेवण आहे का नाही ही काळजी नाही.

एक बारीक गोष्ट, पण कामात लई वेळा येते. "हमाली" नावाचा कॉलम होता, मालक म्हणले तोलाई पण त्यातच धरा, म्हणून नाव बदललं. जँगोत मेकमायग्रेशन्स (टेबलातला बदल फाईलमध्ये लिहून देणारी कमांड) दिलं की ते थांबून विचारतंय, हे जुनं नाव बदलून हे नवीन केलं का? हो म्हणलं की नुसतं नाव बदलतंय, आतला डेटा जागेवर. फ्लास्कसोबत लोक ह्याच कामाला फ्लास्क-मायग्रेट लावतात, त्याच्या पोटात अलेम्बिक असतंय, आणि अलेम्बिकच्या ऑटोजनरेटला (बदल ओळखून आपोआप फाईल लिहिणाऱ्याला) नाव बदललेलं कळत नाही. त्याच्या हिशोबानं जुना कॉलम काढून टाकायचा आणि नवीन रिकामा टाकायचा. ती फाईल न वाचता चालवली की हमालीचे सगळे आकडे गायब. फाईल उघडून हातानं दुरुस्त करता येते, अनुभवी माणूस करतोच, पण रात्री अकरा वाजता घाईत करणाऱ्याचं काय?

अजून एक, फ्लास्कचे जोडभाग वेगवेगळ्या लोकांचे असतात. २०२३ च्या सप्टेंबरात वर्कझॉइगचं ३.० आलं, त्यातनं काही जुनी फंक्शन काढून टाकली, आणि लॉगिनसाठीच्या फ्लास्क-लॉगिनचं तेव्हाचं व्हर्जन त्यातलंच एक वापरत होतं. ज्यांनी व्हर्जन बांधून (नेमकं कुठलं बसवायचं ते लिहून) ठेवली नव्हती त्यांचं सॉफ्टवेअर नवीन सर्व्हरवर टाकलं की इम्पोर्ट एरर देऊन आडवं. फ्लास्क-लॉगिनवाल्यांनी ०.६.३ काढून ते सुधारलं, पण तुमचा क्लायंट तुम्हाला फोन करतो, फ्लास्क-लॉगिनवाल्यांना करत नाही.

जँगोचे पण नखरे आहेत, नाही असं नाही. पहिल्या दिवशी सेटिंग्ज, युआरएल, व्ह्यू, मॉडेल, ॲप, प्रोजेक्ट हे सगळं एकदम अंगावर येतंय, शिकणारा गांगरतोच. ओआरएम (पायथनमधनंच डेटाबेस वापरायची सोय) सोपं वाटतं म्हणून माणूस शंभर पट्ट्यांची यादी काढतो आणि प्रत्येक पट्टीमागं शेतकऱ्याचं नाव आणायला एकेक क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जाते, पान कासवासारखं चालतंय, मग सिलेक्ट रिलेटेड (सगळं एकाच क्वेरीत आणणं) शिकावं लागतंय. आणि ॲडमिन हे दुकानातल्या माणसासाठी आहे, शेतकऱ्याला मोबाईलवर स्वतःची पट्टी बघायची असेल तर त्याला वेगळं पान बनवाच, ॲडमिनचं लॉगिन गावभर वाटत बसू नका. सगळ्यात त्रासाचं म्हणजे युजर मॉडेल, लॉगिन करणाऱ्याची नोंद ठेवणारं. मोबाईल नंबरनं लॉगिन पाहिजे असेल, आणि आपल्याकडं पाहिजेच असतंय कारण ईमेल कुणाचा लक्षात असतोय, तर कस्टम युजर (आपला स्वतःचा) पहिल्या मायग्रेशनच्या, म्हणजे टेबलं बनायच्या, आधी करून ठेवावा लागतो. मधेच बदलायचं म्हणलं की घाम फुटतो.

मराठीचं विचारतात म्हणून लिहितो. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि लाखाचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं पाहिजे असेल तर फॉरमॅटमध्ये ग्रुपिंग ३, २, ० असं देता येतंय, म्हणजे १,२५,००० असं दिसतं, १२५,००० नाही. मुनीम लोकांना दुसरं चालतच नाही. पट्टीची पीडीएफ मात्र दोन्हीकडं सारखीच डोकेदुखी, साध्या रिपोर्टलॅब लायब्ररीनं काढली की "क्विंटल"मधलं जोडाक्षर तुटून पडतं. वीझीप्रिंट वापरा, ते पँगो नावाच्या लायब्ररीमार्फत अक्षरं जुळवतंय, व्यवस्थित येतात.

स्पीडवर लई भांडणं होतात. आपल्या कामात वेळ खातो तो डेटाबेस आणि रेंज नसलेला मोबाईल, फ्रेमवर्क नाही. पीएचपी भाषावाल्यांचा तर हलक्या फ्रेमवर्कचा प्रयोग करून झालाय. त्यांच्या लॅराव्हेल फ्रेमवर्कनं २०१५ मध्ये लुमेन नावाचं हलकं भावंड काढलं होतं, आता तेच म्हणतात की नवीन काम लुमेनमध्ये सुरू करू नका, लॅराव्हेलच घ्या. पायथनमधलंच फास्टएपीआय २०१८ पासनं आहे, मोबाईल ॲपला नुसता डेटा द्यायचा असेल तर मस्त, डॉक्युमेंटेशनचं पान आपोआप बनतं. पण ॲडमिन तिथंही नाही.

फ्लास्कची जागा सांगतो म्हणलं होतं. इलेक्ट्रॉनिक काट्याचा जो इंडिकेटर असतो त्याला मागं सिरीयल पोर्ट असतो, वजन त्यातनं सारखं बाहेर पडत असतंय. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पायसिरीयल लायब्ररीनं ते वाचायचं आणि फ्लास्कनं एका पत्त्यावर ठेवायचं, ब्राउझरमधलं पट्टीचं पान तिथनं वजन उचलतंय. अख्खा प्रोग्राम एका स्क्रीनमध्ये मावतो. लॉगिन नाही, टेबल नाही, बाहेरच्या इंटरनेटची गरज नाही, लाईट जाऊन आली की कॉम्प्युटरसोबत आपोआप चालू होतंय. ह्याला जँगो लावणं म्हणजे वेडेपणा. व्हॉट्सॲपचा वेबहुक (मेसेज आला की आपल्याला कळवायचा पत्ता), एसएमएसची डिलिव्हरी नोंदवायचं छोटं काम, असल्याला पण फ्लास्कच. एकाच दुकानात जँगोवर हिशोब आणि फ्लास्कवर काटा असं बिनधास्त चालतंय, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

स्टार द्यायचेच तर आडतीच्या कामाला जँगोला साडेचार, अर्धा त्या युजर मॉडेलनं खाल्ला. फ्लास्कला त्याच कामाला अडीच आणि काट्याला पाच. नवीन सुरू करत असाल तर जँगोचं ५.२ घ्या, ते एलटीएस (जास्त काळ सांभाळलं जाणारं) आहे, २०२८ च्या एप्रिलपर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतील, म्हणजे दर सीझनला व्हर्जन बदलत बसायला नको.