२८व्या आठवड्यात जन्मलेली मुलगी आणि नवजात अतिदक्षता विभागातील नऊ आठवडे

माझी मुलगी २८व्या आठवड्यात, म्हणजे दिवस भरायच्या बारा आठवडे आधी जन्मली, तेव्हा तिचे वजन १,०४० ग्रॅम होते. त्यानंतर नऊ आठवडे ती ज्या नवजात अतिदक्षता विभागात होती, तेथील सेवेबद्दल हे लिहीत आहे.

पहिले श्रेय प्रसूतीपूर्वीच्या तत्परतेला. वेळेआधीच कळा सुरू झाल्या, तेव्हा बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून मला चोवीस तासांच्या अंतराने स्टेरॉइडची दोन इंजेक्शने दिली गेली. श्वास सोडल्यावर फुप्फुसांतील वायुकोश मिटू न देणारा सरफॅक्टंट हा पदार्थ गर्भात साधारण ३४-३५व्या आठवड्यापर्यंत पुरेसा तयार होतो. तिच्याकडे तो कमी पडत असल्याने बारीक नळीतून थेट फुप्फुसांत सोडला आणि पुढे अठरा दिवस ती सीपॅपवर, म्हणजे नाकावाटे सतत हलक्या दाबाने हवा देऊन फुप्फुसे उघडी ठेवणाऱ्या यंत्रावर, राहिली. प्रत्येक उपचार कशासाठी आहे, हे डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितले.

परिचारिकांचे ऋण शब्दांत मावणार नाही. इतक्या लवकर जन्मलेली बाळे मध्येच श्वास घ्यायची थांबतात. मॉनिटर वाजू लागला की सिस्टर काचपेटीच्या खिडकीतून हात घालून तिचा तळपाय बोटाने हलकेच चोळत आणि ती पुन्हा श्वास घेई. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो, तोवर माझे दूध नळीने, थेंब मोजल्यासारखे दिले गेले.

माझी खरी तक्रार कांगारू पद्धतीबद्दल आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची ही पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली आणि ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी, दिवसाकाठी किमान आठ तास द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले आहे. मला मात्र ती तिसऱ्या आठवड्यात आणि रोज जेमतेम एक तास मिळाली, तिच्या वडिलांना तर मिळालीच नाही. तिला प्रथम छातीवर ठेवले तेव्हा काही मिनिटांतच मॉनिटरवरील तिचे ठोके संथ, एकसारखे झालेले मी पाहिले. म्हणूनच ते हुकलेले दिवस मला आजही सलतात.

डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी चौथ्या आठवड्यात वेळेवर झाली. पुढच्या तपासणीची तारीख मात्र घरी जातानाच्या कागदांवर नव्हती. ती विचारून लिहून घ्यावी लागली.