अंबडच्या गाळ्यात मशीन मॉनिटरिंग : सहा महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझा टर्निंगचा, म्हणजे धातूचे गोल भाग कातून देण्याचा गाळा आहे. तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आणि वडिलांनी घेतलेलं एचएमटीचं लेथ. सहा महिन्यांपूर्वी चारही मशीनवर मॉनिटरिंगच्या पेट्या बसवल्या, म्हणजे मशीन कधी चाललं, कधी उभं होतं ते नोंदवून स्क्रीनवर दाखवणाऱ्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रारीही आहेत म्हणून.

सीएनसीची माहिती केबलने थेट कंट्रोलरमधून येते. लेथला कंट्रोलर कुठून असणार? तिथे कंपनीच्या पोराने पॅनल उघडून मोटरच्या वायरभोवती चिमट्यासारखा सीटी, म्हणजे करंट मोजणारा सेन्सर अडकवला. वायर कापली नाही, कुठे भोक पाडलं नाही. टूल जॉबला (कातायच्या तुकड्याला) लागलं की करंट चढतो, जॉब धरणारा चक नुसता फिरत असेल तर कमी असतो, मशीन उभं असेल तर शून्य. एवढ्या खुणेवर पेटी दिवसाचा हिशेब मांडते.

आजोबा मनमाडला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. एक डोळा काचेच्या नळीतल्या पाण्यावर, दुसरा दाबाच्या काट्यावर. त्याच्याही आधी, १७८८ साली जेम्स वॉटने इंजिनाला वेग आवरणारा दोन गोळ्यांचा गव्हर्नर बसवला होता : वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आपोआप मिटत जाई. कारखान्यातली मशीन अशी नेटवर्कला जोडण्याला ‘इंडस्ट्री ४.०’ म्हणतात; हे नाव जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रदर्शनात २०११ साली पुढे आलं, पण मशीनचं मशीनलाच कळावं ही धडपड इतकी जुनी आहे. आणि वाफ तरी कुठे गेली? आपल्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले २१० मेगावॉटचे संच कोळसा जाळून वाफच करतात, त्या वाफेवरच टर्बाइन फिरतं.

आता मुद्द्याचं. दोन नंबरच्या सीएनसीवर रोज सकाळी सव्वानऊ ते दहा स्क्रीनवर लाल पट्टा दिसायचा, म्हणजे मशीन उभं. ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, पहिला जॉब चेक करायला बोअर गेज लागतं. एकच आहे, ते तीन नंबरवर असतं.” बोअर गेज म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन. दोन वर्षं मी त्या माणसाला सकाळचा ढिला समजत होतो. त्याच्यासमोर उभं राहून मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात दुसरं गेज आणलं, पट्टा दहा मिनिटांवर आला. पैसे वसूल झाले ते इथेच.

तक्रारी तीन. वीज गेली की मधल्या वेळेची नोंद पुसली जायची. हे दुरुस्त व्हायला दीड महिना लागला. फोन लगेच उचलतात, पण माणूस यायला चार दिवस. तिसरी मोठी : मशीन का थांबलं ते पेटीला कळत नाही, ऑपरेटरने बटण दाबून सांगावं लागतं आणि बटणांवर सगळं इंग्रजीत. आम्ही कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या : सेटिंग, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदली, माल नाही, गेज नाही. तेव्हापासून नोंदी खऱ्या येऊ लागल्या.

घेणार असाल तर स्क्रीन केबिनमध्ये नको, मशीनजवळ लावून घ्या. आमच्याकडे आता ऑपरेटरच मला बोलावून दाखवतात.

पुढच्या वर्षासाठी चारही मशीनच्या मॉनिटरिंगचं नूतनीकरण करतोय, लेथसकट. मराठी बटणं देतो म्हणालेत. तोवर आमच्या पट्ट्या आहेतच.